शूटिंगवाल्याची पंगत

माझा धाकटा भाऊ गेला, पण त्याचं कॉम्प्युटर काम करत राहिलं. हे पहिल्यांदा आईच्या लक्षात आलं, माझ्या नाही. आणि कॉम्प्युटर हा विषय मी पोटासाठी शिकवते.

भोकरदनला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत त्याचं घर आहे. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत संसार: तो, भावजय आणि आई. लग्नाचं शूटिंग, मिक्सिंग, अल्बम, जावळ, वाढदिवस, जे येईल ते तो करायचा. आजूबाजूच्या खेड्यांत त्याला नावानं कमी आणि शूटिंगवाला म्हणून जास्त लोक ओळखायचे. ऐन लग्नसराईत एका लग्नाहून परत येताना रस्त्यात दिवे न लावता उभ्या केलेल्या ट्रॉलीवर त्याची मोटारसायकल गेली. कॅमेऱ्याची बॅग बाजूच्या नांगरटीत पडली आणि तिला खरचटलंसुद्धा नाही. त्या बॅगेचा मला पुढं कितीतरी दिवस राग येत होता.

आईला मात्र राग नव्हता, तिला एकच गोष्ट खात होती. तो उपाशी गेला. लग्नात शूटिंगवाला सगळ्यांत शेवटी जेवतो, हे आमच्या घरात जगजाहीर होतं. वऱ्हाड जेवतं, पाहुणे जेवतात, गाव जेवतं, नवरा-नवरीचं ताट होतं, आणि त्या प्रत्येक पंगतीचं शूटिंग करायला हा उभा. मग कुणीतरी म्हणतं, "अरे, शूटिंगवाल्याला वाढा", तोवर भाजीच्या भांड्यात तर्रीही नसते. कित्येकदा तो तसाच निघायचा आणि घरी येऊन भाकरी मागायचा. त्या दिवशीही चुलीजवळ त्याची भाकरी झाकून ठेवलेली होती.

त्याला दुकानातच, टेबलाच्या कडेला निजवलं होतं. नेल्यानंतर आमच्याकडच्या रीतीप्रमाणं त्या जागी दिवा लावला, खाली पीठ पसरलं आणि वर टोपली पालथी घातली. सकाळी टोपली उचलून पाहतात, कशाचं पाऊल उमटलं. पाखराचं उमटलं तर जीव पाखराच्या जन्माला गेला, गाईचं उमटलं तर गाईच्या. मी असल्या गोष्टी मानत नाही. मानत नाही हे मी फार मोठ्यानं म्हणते, त्यावरून काय ते समजा. आईनं टोपली उचलली तेव्हा मीही वाकून पाहिलंच. पीठ जसंच्या तसं होतं. साधी मुंगीसुद्धा फिरकली नव्हती.

आई म्हणाली, "कुठं गेलाच न्हाई त्यो."

तेरावा झाला. पाहुणे पांगले. माझ्या कॉलेजला सुट्टी होती म्हणून मी जालन्याला न जाता मागं राहिले. कारण लोक यायला लागले होते. आधी दाराबाहेर चपला काढून गप्प बसायचे, चहाला नको म्हणायचे, आणि उठताना भीत भीत विचारायचे, "आमच्या पोरीचं लग्न तेवढं हाय का हो त्याच्यात?" त्यांचं काही चुकत नव्हतं. त्यांच्या घरातलं लग्न आमच्या घरात अडकलेलं होतं. कॉम्प्युटर मीच त्याला बसवून दिलेलं, फुकटातली सिस्टीम घालून, तिच्या खाचाखोचा शिकवून. तेव्हा हे निस्तरणं माझ्याकडंच आलं.

दुपारी जेवणं झाली की आम्ही मागच्या खोलीत पडायचो. आणि पुढून आवाज सुरू व्हायचा. खर्र, खट्. खर्र, खर्र, खट्. जुन्या हार्डडिस्कचा आवाज, उंदीर पत्रावळ कुरतडतो तसा. आई उठून बसायची.

"ऐक. पुन्हा सुरू झालं."

"अगं, मशीन आहे ती. चालू ठेवली की काहीतरी करत असते."

"मंग आपण जाऊन बसलो की थांबून का राह्यलं? अन् उठून आलो की सुरू होऊन राह्यलं. तू बघ बराबर."

मी बघितलं. बघायला नको होतं. दुकानात गेले, खुर्चीवर बसले, एका गिऱ्हाईकाचं लग्न उघडलं. खरखर थांबली. लग्न नीट चालू होतं, डिस्कची बारीक टिकटिक तेवढी होती. लग्न बंद करून मी हात मांडीवर ठेवले आणि काही न करता बसले. काही क्षण गेले. मग माझ्या समोर, टेबलाखालून, खर्र, खट्. कुणीतरी दाराआड उभं राहून माझं संपायची वाट पाहत होतं आणि संपलं तसं पुढं आलं. मला भीती वाटली. भर दुपारी, पंखा चालू, गल्लीत भंगारवाल्याची आरोळी, आणि माझ्या हातावर काटा. मी उठून मागं आले आणि आईला म्हणाले की काही नाही, वायरिंगचा दोष असेल.

आईनं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि पुन्हा आडवी झाली.

भावजयीचं वेगळंच चाललं होतं. घरातलं आवरलं की ती दुकानात जायची, कानाला हेडफोन लावायची आणि लोकांची लग्नं बघत बसायची. टाकळीचं लग्न, पिंपळगावचं लग्न, कुठल्या कुठल्या हळदी. मला ते सहन होईना. नवरा जाऊन महिना नाही आणि ही परक्यांच्या वराती बघते, असं माझ्या मनात आलं होतं, खोटं कशाला सांगू. एक दिवस मी तिच्या शेजारी स्टूल ओढून बसले. हेडफोनचा एक कान तिनं माझ्या कानाला लावला.

पडद्यावर कुणी नवरी, कुणी मामा, कुणी करवल्या. आणि त्यांच्या अलीकडून, अगदी जवळून, माझ्या भावाचा आवाज. "हां, आज्जीला मधी घ्या. इकडं बघा. हसा की जरा, पैसे न्हाई लागत." माणसं हसत होती, त्याच्याकडं बघून. तो मात्र कुठंच नव्हता.

"सगळ्यांत हायेत," ती म्हणाली. "पण दिसत न्हाईत कुठंच."

खरंच होतं. फोटो होते थोडे. पण हलता-बोलता तो कुठंही नव्हता. कुणी त्याच्यासमोर मोबाईल धरला की तो मोबाईलच काढून घ्यायचा. "तुम्हाला धरता येत न्हाई" म्हणायचा आणि स्वतः समोरच्याचं शूटिंग करायला लागायचा. जन्मभर ह्या माणसानं दुसऱ्यांना चौकटीत बसवलं.

मग तिनं विचारलं, "ताई, आमचं लग्न असंल का हो त्याच्यात?"

त्यांचं लग्न त्याच्या धंद्यातल्या एका दोस्तानं शूट केलं होतं, ह्याच्याच कॅमेऱ्यावर. ह्यानं ते डिस्कवर घेतलं आणि तिला सांगितलं, सराई संपली की करतो. सराई संपली की पावसाळा, पावसाळा संपला की साखरपुडे, मग परत सराई. सात गावांची लग्नं सजवली आणि घरचं तसंच पडलं. दिव्याखाली अंधार. तिनं ते कधीच पाहिलं नव्हतं. लाजून आधी विचारलं नाही, मग विचारून विचारून थांबली.

मी शोधलं. लोकांची सगळी लग्नं होती त्याच जुन्या डिस्कवर, एका कोपऱ्यात, 'घरचं' नावाचा फोल्डर सापडला. आत एकच मोठी फाईल. मी ती उघडायला गेले आणि सगळं कॉम्प्युटर गोठलं. पडदा तसाच, माऊस हलेना, आतून नुसतं खट् खट्. बंद करून पुन्हा चालू केलं, पुन्हा तेच. मी डिस्कची तब्येत तपासली. ती मरायला टेकली होती. जागोजागी खराब झालेली, कुठं वाचता येत होतं, कुठं नाही. संभाजीनगरच्या एका दुरुस्तीवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, "मॅडम, अजून फिरते आहे ना, मग हवं ते काढून घ्या. थांबली की थांबली."

भावजयीला मी सांगितलं की ते काही येत नाही. ती "बरं" म्हणाली आणि हेडफोन लावला. त्या "बरं"नं मला रडू आलं.

त्यानंतरच मला सुचलं, जे पहिल्याच दुपारी सुचायला हवं होतं. डिस्कवर कोण कोण मागणी करतंय ते बघायची सोय असते. मी ती लावली, सगळं बंद केलं आणि वाट पाहत बसले. खर्र, खट् सुरू झालं तसं पडद्यावर एक काम वर आलं. नाव, ते कुठून वाचतंय, कुठं लिहितंय, आणि त्याचा वर्ग. वाचत होतं 'घरचं'मधून. लिहीत होतं त्यानं शेजारी बसवलेल्या नव्या, जवळजवळ रिकाम्या डिस्कवर. वर्ग होता शेवटचा.

म्हणजे माझा भाऊ ते लग्न वाचवत होता. खराब डिस्कवरून एवढं एवढंसं खरवडून, जिथं वाचता येईना तिथं पुन्हा पुन्हा डोकं आपटून, नव्या डिस्कवर रचत होता. कॉम्प्युटर चालू झालं की ते काम आपोआप सुरू व्हावं आणि थांबलं होतं तिथून पुढं जावं, अशी तजवीज त्यानं करून ठेवली होती. कधीपासून, कोण जाणे. बायकोला बोलला नव्हता, झाल्यावर दाखवू म्हणाला असेल. आणि गिऱ्हाइकांच्या कामाला धक्का लागू नये म्हणून त्यानं ते शेवटच्या वर्गात टाकलं होतं.

हा वर्गांचा प्रकार मी दर वर्षी शिकवते. डिस्क एक आणि मागणारे अनेक, तेव्हा कुणाला आधी द्यायचं हे सिस्टीमला ठरवावं लागतं. सरसकट रांग लावून भागत नाही. वाचायला आलेला आणि लिहायला आलेला यांतही फरक करावा लागतो. लिहिणारा आपलं गाठोडं ठेवून जाऊ शकतो, सावकाश लिहा म्हणतो. वाचणारा दारात ताटकळत असतो, त्याला मिळाल्याशिवाय त्याचं पुढचं पाऊल पडत नाही. आणि त्याच्याही वर असतात ते वर्ग. पोरांना हे सांगताना मी खडूनं चौकोन काढते, बाण काढते. पोरं जांभया देतात.

त्या दिवशी खडू नव्हता आणि समोर आई होती. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, आवाज तिनंही ऐकला होता.

"काय करून राह्यलं ते?" तिनं विचारलं.

मी म्हणाले, "आई, लग्नातल्या पंगती धर. पहिली मानाची पंगत. ती बसली की बाकीच्यांनी थांबायचं, कुणाची हूं का चूं नाही. तो पहिला वर्ग. मग आपली साधी पंगत, गाव, पाहुणे, त्यात थोडं पुढं-मागं होतं, पण फिरून सगळ्यांना मिळतं. बहुतेक सगळी कामं त्यात बसतात. आणि तिसरा वर्ग असा की सगळे उठले, कुणीच मागेना, थोडा वेळ वाट पाहिली आणि तरी कुणी आलं नाही, तरच त्याला वाढायचं. मधेच कुणी पाहुणा आला की त्याच्या पुढ्यातलं थांबवून पाहुण्याला."

आई म्हणाली, "म्हंजी शूटिंगवाला."

"हो."

"अन् पाहुणे येतच राह्यले तं?"

"तर तो उपाशीच."

हे बोलून गेल्यावर मला जीभ चावावीशी वाटली. पण आई रडली नाही. ती भावजयीकडं बघत होती. भावजय हेडफोन गळ्यात घेऊन स्टुलावर बसली होती आणि तिचा चेहरा उतरत चालला होता. तिला माझ्याआधी समजलं होतं.

"मी बघत बसले की ह्यांचं काम थांबत होतं?" तिनं विचारलं.

मला खोटं बोलता आलं असतं. "थांबायचं," मी म्हणाले. "तू एखादं लग्न लावलंस की तू दुसऱ्या वर्गात. तो मागं सरकायचा. मी लोकांची लग्नं काढून द्यायची, तेव्हाही."

तिनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला. त्याची वायर हळूहळू गुंडाळली. रोज तासन्‌तास ती त्याचा आवाज ऐकत बसली होती, आणि तेवढा वेळ तो, तिच्यासाठीच काहीतरी हातात घेऊन, बाजूला उभा राहिला होता. मला वाटलं आता ही फुटेल. ती फक्त म्हणाली, "मला काय ठाऊक."

माझं डोकं फिरलं ते त्यानंतर. एका ओळीची आज्ञा देऊन त्याचं काम पहिल्या वर्गात नेता येत होतं. मी तशी ओळ टाईप केली, नुसतं बटण दाबायचं बाकी होतं. तेवढ्यात दारात एक गृहस्थ आले. आन्व्याकडचे, हातात टोपी. त्यांच्या मुलीचं लग्न हे भावाचं शेवटचं शूटिंग. डिस्कची तब्येत कळायच्या आधीच मी ते कॅमेऱ्यातून तिच्यावर उतरवून कार्ड पुसलं होतं, तो पुसायचा तसं. त्याआधीच्याही काही लोकांचं काम राहिलं होतंच. ते ओट्यावर बसले आणि आईला म्हणाले, "जेवलेच न्हाईत ते आमच्याकडं, माय. सगळी उठल्यावर मी सोता बोलवायला गेल्तो. म्हणे, राहू द्या, घरी भाकरी हाय." मग टोपीकडं बघत म्हणाले, "माझा बाप होता लग्नात. मागल्या आठवड्यात गेला. पोरगी म्हणते, दादाजीनं डोक्यावर हात ठेवला तेवढं बघायचं."

आई माझ्याकडं वळली. "आधी लोकांचं दे."

मी चिडले. "आई, ती डिस्क आज आहे, उद्या नाही. एकेक लग्न काढताना ती घासते. सगळ्यांचं देता देता त्याचंच राहील."

"लोकांचं ठेवून घेऊन त्यो कसा जाईल?"

"तो गेला, आई! जन्मभर शेवटी जेवला आणि आता मेल्यावरही तू त्याला शेवटी बसवतेस."

हे मी आईला म्हणाले. परक्या माणसासमोर म्हणाले. ते बिचारे उठून उभे राहिले, नंतर येतो म्हणायला लागले. भावजयीनं त्यांना हातानं बसवलं. मला म्हणाली, "ताई, आत्याबाई म्हणतात तसं करा. ह्यांनी तेच केलं असतं. त्या आज्ज्याचा हात काढून द्या आधी."

ते लग्न तिचं होतं, जाणार होतं तर तिचं जाणार होतं. मी टाईप केलेली ओळ पुसली.

आन्व्याचं लग्न काढलं. मग बाकीची राहिलेली. डिस्क कधी सरळ द्यायची, कधी अडून बसायची. माझा श्वास तिच्याबरोबर अडायचा. मधल्या मोकळ्या जागांत ते शेवटचं काम पुढं यायचं, खर्र, खट्, दोन घास घ्यायचं आणि पुढची फाईल मागितली की मागं सरायचं. आता मला त्याची भीती वाटत नव्हती. लाज वाटत होती, आणि त्याच्यावर रागही येत होता. इतकं मागं राहायला कुणी शिकवलं होतं तुला, असं मी एकदा पडद्याला विचारलं. भावजय मागंच उभी होती. तिनं ऐकलं असणार.

शेवटचं गिऱ्हाईक पेनड्राईव्ह घेऊन गेलं ती सकाळ होती. मी ती ओळ पुन्हा टाईप केली आणि बटण दाबलं. माझ्या भावाचं काम पहिल्या वर्गात गेलं.

"आता काय करायचं?" भावजयीनं विचारलं.

"काही नाही. हात लावायचा नाही."

आईनं आतून एक पाट आणला आणि टेबलासमोर ठेवला. पाटापुढं तिनं ताट मांडलं. भाकरी, पिठलं, कांदा, मीठ. त्यानंतर आम्ही तिघी बाहेर ओट्यावर येऊन बसलो. दार ओढून घेतलं. गल्लीतून एक-दोघं आले, दुकान चालू आहे का म्हणाले. आई म्हणाली, "जेवण चालू हाय, मागून या."

आतून आवाज येत होता. ह्यावेळी अडखळत नव्हता. खर्र, खर्र, खर्र, एकसारखा, न थांबता, भुकेलेलं माणूस खातं तसा. मी डोकं भिंतीला टेकलं होतं आणि मला तो भिंतीतून कळत होता. मी सिस्टीम शिकवते, रांगा शिकवते, मला माहीत होतं की आत एक लोखंडाची सुई चकतीवर हलते आहे. तरी मी सांगते, आत कुणीतरी होतं. ते मी कुणाला पटवून द्यायच्या भानगडीत पडणार नाही.

ऊन ओट्यावर आलं, तेव्हा खट् असा एक मोठा आवाज झाला. त्यापुढं काही नाही. उठून बघायला कुणी धजेना. शेवटी आईच उठली.

डिस्क थांबली होती. मी बंद-चालू केलं, कनेक्शन काढून लावलं. कॉम्प्युटरला ती दिसतसुद्धा नव्हती. तिच्यावरची सगळी गावं, सगळ्या हळदी, त्याचे सगळे "इकडं बघा" गेले होते, लोकांना काढून दिलेल्या लग्नांत राहिले तेवढेच उरले. नव्या डिस्कवर 'घरचं' मात्र आलं होतं. पूर्ण नाही. सुरुवातीचा तुकडा. लोकांची लग्नं मागं ठेवली असती तर पूर्ण आलं असतं का? मला वाटतं, आलं असतं. हे मी आईला सांगितलं नाही आणि भावजयीनं विचारलं नाही.

तिला मी स्टुलावर बसवलं. आई तिच्या मागं उभी राहिली, तिच्या खांद्यावर हात ठेवून. मी फाईल लावली.

मांडव. भोंग्यावर कुणीतरी पाहुण्यांना बसून घ्यायला सांगत होतं. स्टेजवर लाल सोफा, त्यावर नवरी, मान इतकी खाली की फक्त बिंदी दिसावी. आणि शेजारी तो. फेटा, मुंडावळ्या, न शोभणारा कोट. माझा भाऊ, हलता. आईच्या घशातून आवाज आला. तो कुणाशी तरी बोलत होता, हसत होता, पण त्याचं सारं लक्ष कॅमेऱ्याकडं होतं. हातानं खुणा करत होता, जरा डावीकडं, जरा खाली. कॅमेरावाल्याला जमेना. चौकटीत सोफ्याचं टोक कापलं जात होतं, ते मलासुद्धा दिसत होतं.

त्याला ते सहन झालं नाही. स्वतःच्या लग्नात, भर मांडवात, नवरदेव सोफ्यावरून उठला. मुंडावळ्या बाजूला सारत सरळ आमच्याकडं चालत आला. त्याचा चेहरा मोठा मोठा होत गेला, कपाळावरचा घाम दिसला, लहानपणी पडून हनुवटीला पडलेली खूण दिसली, मग चेहरा पडद्यापेक्षा मोठा झाला आणि बाजूनं निघून गेला. चौकट हलली, सरळ झाली. सोफ्यावर ती एकटी होती, शेजारी रिकामी जागा.

आणि मग अगदी जवळून, आमच्या कानाशी, तो बोलला. "हां, आता बराबर. मान वर कर ना जरा. एकदा बघ माझ्याकडं."

पडद्यावरची नवरी लाजून आणखी खाली वाकली. मागं बायका हसल्या. चित्र तिथंच थांबलं, फाईल तेवढीच होती.

मी बंद करायला हात पुढं केला, तर भावजयीनं माझं मनगट धरलं. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला. मान वर केली आणि त्या थांबलेल्या पडद्याकडं, जिथून तो बोलला होता तिथं, सरळ बघत राहिली.